दोन बोटं जास्त

गाडीला पाय असतात हे मला माझ्या मेहुण्याने सांगितलं. तोवर मी त्यांना चाकं म्हणत होतो आणि माझं काही अडत नव्हतं.

रविवारी सकाळी तो बहिणीला भेटायला आला. दारातल्या माझ्या गाडीकडे त्याने वरून खाली आणि खालून वर पाहिलं आणि म्हणाला, "भाऊजी, गाडी झकास ठेवलीय, पण पाय अगदीच काड्या हो." (मी तेव्हा अर्ध्या चड्डीत होतो. तो गाडीबद्दलच बोलतोय असं मी धरून चाललो.)

"फॅक्टरीतून आलेले टायर आहेत ते," मी म्हणालो.

"तेच तर! माझ्या गाडीला बघा. चाकं फॅक्टरीचीच ठेवली, फक्त टायर रुंद टाकले. रस्ता असा धरून चालते की नवशिक्यानेही डोळे मिटून चालवावी."

बाकी सगळं मी विसरलो असतो, पण नवशिक्या हा शब्द डोक्यात बसला. कारण आमच्या घरात एक नवशिकी होती आणि तिची शुक्रवारी ड्रायव्हिंगची परीक्षा होती.

ही, म्हणजे माझी बायको, एका लॅबमध्ये काम करते. घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. हिची सुई टोचलेली कळत नाही असं पेशंट सांगतात. (शब्दांच्या बाबतीत माझा अनुभव वेगळा आहे.) लॅब आता गावाबाहेरच्या वसाहतींमध्ये काम सुरू करणार होती आणि तिथली प्रमुख म्हणून हिचं नाव पुढे होतं. अट एकच होती, लॅबची छोटी व्हॅन स्वतः चालवायची. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत परीक्षा पास झाल्याचा कागद साहेबांच्या टेबलावर हवा, नाहीतर ती जागा हिच्या एका उंच सहकाऱ्याला मिळणार होती. तो शिट्टी वाजवत गाडी रिव्हर्स घेतो. अकरा वर्षं हिने ज्या जागेची वाट पाहिली ती एका शिट्टीवाल्याला जाणार, या विचाराने हिचं जेवणातलं लक्ष उडालं होतं.

परीक्षेला ही दोनदा बसली होती. पहिल्यांदा आठच्या आकड्यात एक खांब पाडला. दुसऱ्यांदा खांब पडला नाही, पण पडेल या भीतीने हिने गाडी मध्येच थांबवली आणि खाली उतरून खांब हाताने धरून ठेवला. परीक्षकाने असं करू नये म्हणून कुठे लिहिलंय ते बराच वेळ शोधलं आणि मग नापास केलं.

तिसऱ्या खेपेसाठी हिने वही केली होती. त्यात आठचा आकडा काढून ठिकठिकाणी लिहिलं होतं. 'दीड वळसा डावीकडे. पिवळा खांब आरशात आला की उजवीकडे पूर्ण.' पूर्ण या शब्दाखाली दोन रेघा होत्या. चार महिने रोज सकाळी शेजारी बसून हिला शिकवणारा गुरू मीच होतो, त्यामुळे वहीत चूक असण्याचा प्रश्नच नव्हता.

गुरूच्या मनात आलं, शिष्येला आपण काहीतरी द्यावं. रुंद टायर द्यावेत.

आता माझ्याबद्दल थोडं. मी वजनमापे कार्यालयात कारकून आहे. दुकानदारांचे तराजू, मापं, पट्ट्या आमच्याकडे तपासायला येतात आणि त्यांच्यावर आमचा शिक्का बसतो. या शिक्क्याला मुदत असते. मुदत संपली की मी नोटीस पाठवतो. तराजूवरचा जुना शिक्का मला रस्त्याच्या पलीकडून दिसतो. बाजारातून मी चाललो की दुकानदार तराजूसमोर उभे राहतात. बावीस वर्षांत माझ्या नजरेतून एक माप सुटलेलं नाही.

गुरुवारी दुपारी अर्धी रजा टाकून मी टायरच्या दुकानात गेलो. चष्मा कपाळावर चढवलेला टायरवाला गाडीभोवती फिरला.

"कोणते टाकू?"

"रुंद."

"किती रुंद?"

"आहेत त्यापेक्षा दोन बोटं."

"टायर बोटांत नसतात हो साहेब, मिलिमीटरमध्ये असतात. तुमचे एकशे पासष्टचे आहेत. या चाकांवर एकशे पंच्याऐंशी म्हणजे डोक्यावरून पाणी. तुम्ही म्हणताय ते दोनशे पाच."

"मग दोनशे पाच टाका."

"फॅक्टरीचं चाक अरुंद आहे. त्यावर एवढा टायर चढवला की फुगणार बाजूला. आत घासेल. थांबा, मी आधी मापून घेतो."

मापून घेतो! हे त्याने कोणाला सांगावं? मी हात वर करून त्याला थांबवलं. "मापं आम्हाला शिकवू नका," मी म्हणालो. "बावीस वर्षं दुसरं काही केलेलं नाही." मग मी उकिडवा बसलो, एक डोळा मिटला आणि टायर आणि मडगार्डच्या मधल्या फटीत दोन बोटं घातली. बोटं आत गेली, वर हललीसुद्धा. "बसतात," मी निकाल दिला.

"चाक सरळ आहे तोवर बसतात. वळल्यावर?"

"वळल्यावर बघू."

(या सगळ्या वेळात माझ्या शर्टाच्या खिशात कार्यालयाची तीन मीटरची स्टीलची टेप होती. हे मी आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढे ते निघणारच आहे.)

चारही टायर चढले. मी दहा पावलं मागे जाऊन पाहिलं आणि खरं सांगतो, मला भरून आलं. तीच माझी गाडी, पण पाय रोवून उभी होती. घरी येताना रस्ता सरळ होता आणि मी हवेत होतो. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने टायरकडे पाहिलं तर मी काच खाली करून त्याला नीट पाहता यावं म्हणून गाडी जरा पुढे घेतली.

आमचं फाटक गल्लीत आहे आणि गल्ली चिंचोळी, त्यामुळे आत शिरताना स्टिअरिंग पूर्ण फिरवावं लागतं. मी पूर्ण फिरवलं.

घर्रर्रर्र!

असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. गाडीखाली कोणी लोखंडी कपाट ओढत नेत असावं तसा. माझा पाय ब्रेकवर कधी पडला ते मलाही कळलं नाही. कोण सापडलं? मी दार उघडलं, वाकलो, गाडीखाली पाहिलं. कोणी नव्हतं. दुसऱ्या बाजूने पाहिलं. तिथेही कोणी नव्हतं. शेजारच्या आजोबांनी खिडकीतून विचारलं, "पाण्याचा पाइप फुटला का?" मी नाही म्हणालो. परत बसलो, इंचभर पुढे घेतली. घर्रर्रर्र! आजोबांनी खिडकी लावून घेतली.

मग मला दिसलं. पुढचं चाक वळलं होतं आणि माझे देखणे, रुंद, दोनशे पाचचे टायर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकवर जाऊन रुतले होते. मघाशी जिथे माझी दोन बोटं हलत होती तिथे आता पोस्टाचं तिकीटसुद्धा गेलं नसतं.

आणि मग डोक्यात तो शब्द आला. पूर्ण. दोन रेघा मारलेला.

मी तिथेच फाटकाला टेकून टायरवाल्याला फोन लावला. "माझे जुने टायर परत चढवायचेत. आत्ताच्या आत्ता."

"ते गेले की हो साहेब."

"गेले? कुठे गेले? तासही झाला नाही!"

"एक हातगाडीवाला आला होता, तो घेऊन गेला. चांगले होते म्हणाला. आणि उद्या आमची सुट्टी."

फोन ठेवल्यावर मी काय केलं ते सांगायला मला लाज वाटते. मी स्वयंपाकघरातून पाव कापायची सुरी आणली, गाडीखाली पाठीवर आडवा झालो आणि मडगार्डच्या आतलं प्लास्टिक कापायला लागलो. अर्ध्या तासात बोटभर तुकडा निघाला. तो प्लास्टिकचा नव्हता, सुरीच्या मुठीचा होता.

तेवढ्यात माझ्या डोक्याशी दोन चपला येऊन थांबल्या.

"अहो, काय चाललंय?"

"काही नाही. बघत होतो."

"सुरीने?"

मी बाहेर आलो. ही खांद्यावर नमुन्यांची पेटी घेऊन उभी होती. हिची नजर सुरीवरून माझ्यावर आणि माझ्यावरून चाकावर गेली आणि तिथेच थांबली. "हे टायर कोणाचे?"

"आपलेच. रुंद टाकले. गाडी स्थिर राहते म्हणे. उद्या तुझी परीक्षा, म्हटलं..."

मला वाटलं, आता हजेरी घेतली जाणार. पण हिने पेटी खाली ठेवली, टायरवर हात ठेवला आणि म्हणाली, "माझ्यासाठी?" हिचे डोळे भरून आले होते. "दोनदा नापास झाले, घरात सगळे हसले. मला वाटायचं तुम्हीही मनातून हसता. आणि तुम्ही रजा टाकून हे केलंत?"

लग्नाला अठरा वर्षं झाली. अठरा वर्षांत हिने माझ्याकडे असं पाहिलेलं मला आठवत नाही. आता सांगा, त्या क्षणी कोणता नवरा म्हणेल की अगं, हे वळत नाहीत?

मी म्हणालो, "त्यात काय एवढं."

"चला, एक फेरी मारून येऊ. सराव होईल."

"नको!" मी ओरडलोच. "नवीन टायर आहेत. एक रात्र बसू द्यावे लागतात."

"टायर बसू द्यावे लागतात?"

"रबर मुरतं."

माझा या विषयातला अधिकार हिने कधी नाकारला नव्हता. ती वही घेऊन पाठ करत बसली. आतल्या खोलीतून मला ऐकू येत होतं, "उजवीकडे पूर्ण. उजवीकडे पूर्ण." प्रत्येक पूर्णला मी खिडकीतून टायरकडे बघून येत होतो.

शुक्रवारी सकाळी परीक्षेच्या मैदानापर्यंत गाडी मीच चालवली. रस्ता तीन किलोमीटरचा. पण त्यात चार आखूड वळणं होती, म्हणून मी फक्त लांबलचक वळणांचे रस्ते निवडत गेलो. पुलावरून गेलो, परत आलो, पाण्याच्या टाकीला वळसा घातला.

"अहो, ही टाकी मघाशी दिसली होती."

"इंजिन गरम करतोय."

"पाऊण तास झाला."

मैदानावर आम्ही आलो तेव्हा हिचाच नंबर पुकारत होते. मला तोंड उघडायलाही वेळ मिळाला नाही. (उघडलं असतं का, हा प्रश्न मी स्वतःला विचारत नाही.) ही चालकाच्या जागेवर बसली, परीक्षक शेजारी बसले. जाडजूड, मिशीवाले, हातात फळी आणि फळीवर अर्ज. मागच्या दोन्ही वेळा तेच होते. हिला पाहून त्यांनी आधी खांब मोजून घेतले.

मी कुंपणाच्या जाळीला दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. गाडी निघाली. दीड वळसा डावीकडे, छान. मैदानात वीस-पंचवीस माणसं होती, सगळी बघत होती. पिवळा खांब जवळ आला. हिने स्टिअरिंग फिरवलं.

घर्रर्रर्रर्र!

पत्र्याच्या शेडवरची कबुतरं उडाली. फॉर्म भरणाऱ्या एका माणसाची रेघ टेबलापर्यंत गेली. काचेतून मला दिसलं, परीक्षकांनी दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले होते आणि फळी छातीशी धरली होती. गाडी थांबली. हिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती समोरच्या खांबांकडे बघत होती, कोणता पडला ते शोधत होती. एकही पडला नव्हता. ही तशीच स्टिअरिंग धरून बसली. यात आपलीच काहीतरी चूक आहे, हे हिने धरूनच टाकलं होतं.

ते मात्र मला बघवेना.

"तिची चूक नाही!" मी जाळीतून ओरडलो. "टायर माझे आहेत! मी टाकले! मला कालपासून माहीत होतं!"

सगळं मैदान माझ्याकडे वळलं. परीक्षक पाय खाली घेऊन गाडीतून उतरले आणि त्यांनी मला बोटाने आत बोलावलं. ते वाकले, चाक पाहिलं, मग मला पाहिलं.

"फॅक्टरीच्या चाकावर एवढे रुंद टायर?"

"हो."

"घालण्याआधी माप घेतलं नाही?"

"नजरेने घेतलं."

"काय काम करता?"

मी हळू आवाजात सांगितलं.

"काय?"

"वजनमापे कार्यालय," मी म्हणालो. "मापं तपासतो."

मग त्यांची नजर माझ्या खिशावर गेली. "ती टेप आहे का?" मी दिली. ती टेप लोकांसमोर सर्रकन उघडली गेली, तेव्हा मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. त्यांनी आतली फट मापायचा प्रयत्न केला, पण टेपच आत जाईना. ती त्यांनी माझ्या हातात परत ठेवली. "पुढच्या महिन्यात या," ते हिला म्हणाले.

ही गाडीतून उतरली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती खाली बसली, चाक कुठे टेकलंय ते पाहिलं, मग उभी राहून खांबांकडे पाहिलं. "साहेब, परीक्षा माझी आहे की गाडीची?"

"तुमचीच."

"मग एकदा करू द्या. आज नाही झालं तर माझी जागा जाईल." आणि मग अगदी शांतपणे म्हणाली, "पेशंटची शीर सापडली नाही तर आम्ही सुई दाबत नाही. कोन बदलतो."

परीक्षकांना काय समजलं कोण जाणे, पण त्यांनी आपला दंड चोळला आणि गाडीत बसले.

हिने वही मागच्या सीटवर टाकली. माझ्या हातातून टेप ओढून घेतली, खांबांमधलं अंतर मापलं, गाडीची रुंदी मापली, बोटांवर काहीतरी हिशोब केला. मग गाडी मागे घेऊन ती अगदी बाहेरच्या कडेने आत शिरली. सावकाश, इतकी सावकाश की माणूस चालत पुढे जाईल. कुठेच तिने स्टिअरिंग पूर्ण फिरवलं नाही. डावा आरसा एका खांबाला चाटून गेला, खांब हलला आणि मी डोळे मिटले. कान उघडे होते. घर्र नाही. पडल्याचा आवाज नाही. डोळे उघडले तेव्हा गाडी आठचा आकडा पुरा करून आमच्यासमोर उभी होती आणि परीक्षक दोन्ही पाय खाली ठेवून बसले होते.

"पास," ते म्हणाले आणि अर्जावर धाडकन शिक्का मारला.

जाळीबाहेर कोणीतरी टाळ्या वाजवल्या. ही हसत होती आणि रडतही होती. मीही पुढे झालो, हात पसरून. गुरू होतो शेवटी.

"एक मिनिट," परीक्षक म्हणाले. "ही गाडी इथवर कोणी आणली?"

"मी," मी छाती काढून म्हणालो. "शिकवलंसुद्धा मीच. चार महिने रोज शेजारी बसून."

"वा. लायसन बघू तुमचं."

मी पाकिटातून काढून दिलं. त्यांनी पुढून पाहिलं, मागून पाहिलं, उन्हात धरलं.

"याची मुदत संपलीय."

"छे! कशी संपेल?"

"चौदा महिन्यांपूर्वी."

मी लायसन हातात घेतलं. तारीख ठळक होती, स्वच्छ होती, माझ्या फोटोखालीच होती. रस्त्याच्या पलीकडून तराजूवरचा शिक्का वाचणारा मी, चौदा महिने तो कागद खिशात घेऊन फिरत होतो.

"म्हणजे चार महिने," परीक्षक सावकाश बोलायला लागले, "या गाडीत दोन माणसं बसत होती आणि लायसन एकाकडेही नव्हतं?"

हिचं हसू जिथल्या तिथे थांबलं. मला पहिल्यांदा वाटलं, आता तो शिक्का खोडणार. परीक्षकांनी अर्जाकडे पाहिलं, शिक्क्याकडे पाहिलं, शाईवर फुंकर घातली आणि कागद हिच्या हातात दिला. "तुम्ही आधी हा साहेबांकडे पोचवा. आणि ते टायर सोमवारच्या आत बदला. यांना मात्र स्टिअरिंगला हात लावू देऊ नका. मुदत संपून वर्ष उलटलंय, यांना पहिल्यापासून परीक्षा द्यावी लागेल." माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "आठचा आकडा येतो ना?"

परतताना हिने गाडी चालवली. आधी लॅबमध्ये थांबली, कागद दिला आणि पाच मिनिटांत बाहेर आली. शिट्टीवाल्याने स्वतः दार उघडून धरलं होतं. गल्लीतल्या फाटकाशी आली तेव्हा मी दाराचं हँडल धरलं. तिने गाडी आधीच गल्लीच्या पलीकडच्या कडेला नेली, तिरकी घेतली आणि आवाज न करता आत आणून उभी केली. आजोबांनी खिडकी उघडून पाहिलं.

मग ती उतरली, गाडीच्या पुढची आणि मागची शिकाऊची लाल पाटी काढली आणि दोन्ही पाट्या माझ्या मांडीवर आणून ठेवल्या. "जपून ठेवा. आणि शिकाऊ लायसन निघालं की रोज सकाळी सहाला तयार राहा, मी शिकवीन. टेप बरोबर आणा."

तेवढ्यात हिचा फोन वाजला. मेहुणा होता. त्याचा आवाज मला गाडीत बसल्याबसल्या ऐकू येत होता. "ताई, काय झालं गं? भाऊजींनी काल रुंद टायरचा फोटो पाठवला होता! कसे निघाले?"

ही माझ्याकडे बघत म्हणाली, "टायर नवे आहेत रे. तुझ्या भाऊजींची मुदत संपलीय."